व्हर्ना लेझामाच्या चार जाहिराती

नाताळचा काळा केक अजून डब्यात असायचा, सॉरेलच्या लाल सरबताची बाटली अर्धी उरलेली असायची, आणि सव्वीस डिसेंबरच्या सकाळी शेजारच्या घरातून कार्निव्हलचं पहिलं गाणं सुरू व्हायचं. व्हर्ना लेझामा उठून खिडक्या लावून घ्यायची. आमच्या बेलमाँट वस्तीत खिडक्या लावून काही उपयोग नसतो, आमच्या भिंती फळ्यांच्या. "आले मेले," ती म्हणायची, आणि पुढचे दोन महिने तिच्या कपाळावरची आठी उतरायची नाही.

आणि सबंध त्रिनिदादला कार्निव्हल ऐकायची सवय होती ती नेमकी हिच्याच आवाजात. तीस वर्षं ती रेडिओवर सोंगांच्या मिरवणुकीचं वर्णन करत होती. सव्हाना मैदानावर स्टेजसमोर उंचावर एक फळ्यांची खोली असते, कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी सकाळी सातपासून ती तिथे बसायची. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं अशा म्हाताऱ्या, आंधळे, इस्पितळातले, तुरुंगातले, सगळे तिच्या तोंडाकडे कान लावून असायचे. बाजारात बायका तिला थांबवून म्हणायच्या, "मिस लेझामा, तुमचा किती जीव आहे हो कार्निव्हलवर." ती गोड हसायची, "हो ना," म्हणायची, आणि घरी आल्यावर त्या हसण्याबद्दल स्वतःला शिव्या घालायची.

तिचा राग उसना नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना तो नखरा वाटतो त्यांनी लेझामांच्या घरात एक जानेवारी काढायला हवा होता.

तिचे वडील कटबर्ट लेझामा वर्षातले दहा महिने बंदरावर कारकून असत आणि दोन महिने देव. खलाशांच्या सोंगांचा त्यांचा ताफा होता. पांढरे गणवेश, तोंडावर हातभर लांब नाकाचे मुखवटे, आणि डोक्यावर कागदाच्या लगद्याचं काहीही: मासा, घड्याळ, कोंबडा, आगबोट. त्या दोन महिन्यांत घरात माणसांना जागा नसे. पलंगावर मुकुट वाळत पडलेले आणि पोरी खाली चटईवर. स्वयंपाकघरात खळीचं पातेलं, त्याच्या बाजूला कसाबसा भात. आई साठ-साठ पँटी शिवायची आणि बोटांना पट्ट्या बांधून पुन्हा शिवायला बसायची.

व्हर्ना अकरा वर्षांची होती, मोठ्या शाळेच्या प्रवेशाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि तिच्या वह्या नाहीशा झाल्या. सगळ्या. वर्षभराचा इतिहास, निबंध, गणितं. तिनं घर पालथं घातलं. कटबर्टनी लगदा ढवळता ढवळता मान वर न करता सांगितलं, "वापरल्या मी. शाईचा कागद चांगला धरतो." मंगळवारी मिरवणुकीत एका खलाशानं पाणी प्यायला मुखवटा वर केला, तेव्हा त्या नाकाच्या आतल्या अंगाला तिला स्वतःचं अक्षर दिसलं. कोलंबसाने बेट पाहिले, एवढंच वाचता आलं. परीक्षेत ती पास झाली. रागाच्या जोरावर झाली, असं ती म्हणायची, आणि ते खरं असावं.

त्यानंतर दोन वर्षांनी, कार्निव्हलच्या सोमवारी सकाळी, तिची आई बॅग भरून ब्रुकलिनला निघून गेली. मुद्दाम तो दिवस निवडला, कारण त्या दिवशी कुणाचं लक्ष नसतं. व्हर्ना दारात उभी होती. आई म्हणाली, "तो विचारेपर्यंत सांगू नकोस. बघू कधी विचारतो." सोमवार गेला. मंगळवार गेला. धाकटी मर्ल आठ वर्षांची, ती बापाचा हात धरून दोन्ही दिवस ताफ्याबरोबर नाचत होती. कार्निव्हल संपून उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी सकाळी दहा वाजता, चहा कुणी दिला नाही तेव्हा कटबर्ट लेझामांनी विचारलं, "तुमची मा कुठाय?"

व्हर्नानं तेव्हा सांगितलं, आणि बापावरचं प्रेम त्या बुधवारीच आटोपून टाकलं. मर्लचं मात्र उलट झालं. आई गेली म्हणून ती बापाला आणखीच चिकटली. एकीला घरातल्या खळीचा वास आला की मळमळायचं, दुसरीला त्याशिवाय झोप येत नसे.

पुढे व्हर्ना रेडिओवर टायपिस्ट म्हणून लागली. एका मंगळवारी निवेदकबुवांचा आवाज बसला, आणि ऑफिसात सोंगांची माहिती असलेली एकटी हीच निघाली. कुठल्या खलाशाची चाल कुठली, कोण झिंगल्यासारखा झुलतो, कोण भट्टीत कोळसा लोटल्यासारखा वाकतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. बोलायला बसवली ती कायमची बसली. नोकरी होती, नाव होत होतं, आणि मनातल्या शिव्या कुणाला ऐकू जात नव्हत्या.

आता त्या खोलीतलं काम कसं चालायचं तेवढं समजून घ्यावं लागेल. तीन-तीन हजारांचे मोठे ताफे स्टेज ओलांडायला तास-दीड तास घेतात. त्यांना मध्येच तोडता येत नाही, त्यांच्यामागे पैसेवाले असतात. पण दिवसभराच्या जाहिराती कुठेतरी वाजवाव्याच लागतात. म्हणून तीस-चाळीस माणसांचा एखादा जुना, गरीब ताफा स्टेजवर चढला की निवेदक एक बोट वर करून हवेत गोल फिरवतो, काचेपलीकडचा ऑपरेटर कळ दाबतो, आणि रेडिओवर जाहिराती लागतात. जाहिराती संपतात तोवर तो ताफा उतरून गेलेला असतो. मैदानात त्याला टाळ्या पडतात, पण रेडिओपुरता तो आलेलाच नसतो. कुणी मुद्दाम दुष्टपणा करत नाही, रीतच तशी पडलेली.

अठ्ठ्याण्णव साली कटबर्ट इस्पितळात होते, मधुमेहानं पाय गेलेला. त्या वर्षी पहिल्यांदा मर्लनं कप्तान होऊन ताफा काढला. सोमवारी रात्री तिनं बहिणीला फोन केला.

"नर्सनं डॅडींच्या उशाशी रेडिओ ठेवलाय. नीट सांग."

"माझं काम मला शिकवू नकोस," व्हर्ना म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी लेझामांचे खलाशी स्टेजवर चढले. सगळ्यात पुढे मर्ल, डिट्टो बापाची चाल, तेच खांदे, तोच गुडघ्यातला झोका. आणि सगळ्यांच्या तोंडावर ती लांब नाकं. व्हर्नानं माईकजवळ तोंड नेलं, आणि तिचं बोट वर गेलं. काचेपलीकडे किसून होता, दीनानाथ रामकिसून, कुरेप गावचा. त्यानं मान हलवली, नको. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचा ताफा आहे ते. तिनं पुन्हा बोट फिरवलं. किसूननं कळ दाबली. माल्ट, रंग, विमा आणि तळलेलं चिकन, एकेक मिनिटाच्या चार.

बुधवारी कपाळाला राख लावून ती इस्पितळात गेली.

"पोरं आली होती?" कटबर्टनी विचारलं.

"आली होती."

"मला ऐकू नाही आलं."

"कंट्रोल रूमनं जाहिराती घातल्या, डॅडी. माझ्या हातात नव्हतं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच भिंतीकडे बघत म्हणाले, "चार होत्या." शुक्रवारी गेले.

मातीला सगळं बेलमाँट लोटलं होतं. खड्ड्याच्या काठावर मर्ल म्हणाली, "मी तुझा हात बघितला. मी खालून वर बघत होते." व्हर्नानं सगळ्यांदेखत सांगितलं की जाहिराती ऑपरेटर लावतो, किसूनला विचारा. किसूनला कुणी विचारलंच नाही. लोकांना खापर फोडायला डोकं हवं होतं, ते मिळालं. त्याला तीन मुली होत्या, नोकरी साधी, आणि व्हर्ना लेझामा म्हणजे रेडिओची शान. तो मूग गिळून बसला. बेलमाँटनं त्याचं नाव चिकन ठेवलं. त्याची गाडी दिसली की पोरंटोरं कोंबड्यासारखी आरवायची.

बहिणींचं बोलणं त्या दिवसापासून बंद. एकाच गल्लीत, आठ घरांच्या अंतरावर, सोळा वर्षं. किसून मात्र रोज समोर असायचा, आणि तो काही संत नव्हता. दर कार्निव्हलला एखादा छोटा ताफा स्टेजच्या पायऱ्या चढू लागला की काचेपलीकडून त्याचा आवाज यायचा, "मॅडम, बोट?" एवढंच. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं बोलले ह्याचं तिला दुःख होतं का, तर होतं. पण त्याहून मोठा होता तो राग, की मेला तरी बाप शेवटी तिलाच गुन्हेगार करून गेला.

यंदा ती एकसष्ट वर्षांची झाली, आणि हा तिचा शेवटचा कार्निव्हल होता. पुढच्या वर्षी त्या खोलीत दुसरं कुणी बसणार, हे जाहीर झालेलं. ते मर्लनंही वाचलं असणार.

कार्निव्हलच्या आदल्या रविवारी मिस्सा सुटली तेव्हा मर्ल चर्चच्या फाटकापाशी शेंगदाणेवाल्या मिस्टर जोंच्या गाडीशी उभी होती. व्हर्ना दोन हातांवर. आमच्याकडे न बोलणाऱ्या माणसांना बोलायचं असलं की तिसऱ्याशी बोलतात.

"ऐकलंत का मिस्टर जो," मर्ल म्हणाली, "यंदा आमचा ताफा निघतोय. चौघांचा."

"चौघंच?"

"बाकीचे कबरीत, नाहीतर न्यूयॉर्कला. चौघांत मिळून तीन गुडघे धड आहेत. पण निघणार. आणि रेडिओवर एक बाई आहे म्हणे, नोकरी संपत आली तिची. तिला कुणीतरी सांगा, आम्ही स्टेजवर चढणार आणि ती खरं बोलेपर्यंत उतरणार नाही."

मिस्टर जो पुड्या बांधत राहिले. व्हर्नानं पाकीट काढलं.

"मला एक खारे द्या, मिस्टर जो. आणि तिला सांगा, स्टेजवर पोलीस असतात."

"सांगा तिला, त्या पोलिसाचा बाप आमच्या ताफ्यात ढोल बडवायचा."

"सांगा, मागे तीन हजार माणसं तुंबली तर ती लाथा घालून खाली काढतील."

"घालू देत. लाथ घालणारे निदान समोरून तरी येतात. सांगा तिला."

"माझ्या पुड्या विकू द्या की गं बायांनो," मिस्टर जो म्हणाले, "मला पण पोट आहे."

मंगळवारी दुपारी दोनला उन्हानं ती खोली नुसती भाजत होती. व्हर्नानं सकाळपासून सहा ताफ्यांचं वर्णन केलेलं, घसा कोरडा पडलेला. तेवढ्यात पायऱ्यांवर चार पांढरे गणवेश दिसले. 

"मॅडम," किसून म्हणाला, "बोट?"

चौघे स्टेजच्या मध्यावर, बरोबर तिच्या खोलीसमोर येऊन थांबले. पुढे मर्ल, छप्पन वर्षांची, डोक्यावर बापाची आगबोट, लांब नाक कपाळावर सरकवलेलं, कमरेला छोटा रेडिओ आणि त्याची वायर कानात. मागे तीन म्हातारे. मर्लनं खलाशांच्या रीतीप्रमाणे मूठभर पांढरी पावडर हवेत उधळली आणि कमरेवर हात ठेवून वर बघत उभी राहिली.

व्हर्नाचं बोट अर्ध्यावर गेलं होतं. ते तिनं खाली घेतलं. जाहिराती लावल्या तर मर्ल जिंकली, एवढं तिला कळत होतं. मग बोलायचंच, पण आपल्या पद्धतीनं. ती माईकवर आली.

"श्रोतेहो, स्टेजवर आता लेझामांचे खलाशी. माणसं चार, मोजायला वेळ लागत नाही. कप्तानबाईंच्या डोक्यावर आगबोट आहे, डाव्या अंगाला कललेली. ही बोट बंदर सोडणार नाही, धक्क्यावरच बुडेल."

खाली मर्लनं ऐकलं. तिनं आगबोट सरळ केली नाही. उलट मान आणखी डावीकडे टाकली आणि त्याच झोक्यात दोन पावलं नाचली. स्टँडमध्ये पुष्कळांच्या कानाला रेडिओ असतात. तिकडे हशा पिकला.

"मागच्या तिघांपैकी एक गृहस्थ काठी घेऊन आलेत. ती सोंगातली काठी नाही, श्रोतेहो, औषधोपचारातली आहे."

काठीवाल्यानं काठी उचलून खोलीच्या दिशेनं नेम धरला. आता सगळा स्टँड उभा राहिला. मर्लनं पाठ फिरवली, वाकली, आणि पार्श्वभाग खोलीकडे करून सावकाश, खलाशी थाटात हलवला.

"कप्तानबाई मला त्यांची चांगली बाजू दाखवतायत," व्हर्ना म्हणाली. "चेहऱ्यापेक्षा बरी आहे."

लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. त्यांना वाटलं हे ठरवून चाललंय. पण मर्ल हसत नव्हती. ती स्टेजच्या फळ्यांवर फतकल मारून बसली. एकमेकांचा आधार घेत, कण्हत, मागचे तिघेही बसले.

चार मिनिटं झाली. सात झाली. पायऱ्यांपाशी तीन हजारांचा ताफा येऊन तुंबला, पिसं आणि मणी आणि ट्रकवरचे भोंगे. स्टेजचा मुकादम धावत आला, हातवारे करू लागला. मर्लनं त्याला कानातली वायर दाखवली आणि बोटानं वर खूण केली: तिला विचार. पोलीसही आला, पण काठीवाल्या म्हाताऱ्याला हात घालायची त्याची हिंमत होईना. मागच्या ट्रकवरून शिव्या सुरू झाल्या. व्हर्नाकडचे विनोद संपले होते. ती मैदानाची गर्दी सांगत होती, हवा सांगत होती, तेच ते पुन्हा सांगत होती.

किसूनकडचा फोन वाजला. त्यानं ऐकला आणि ठेवला.

"साहेब म्हणतायत जाहिराती घ्या."

"मग घे."

"बोट तुम्ही करायचं." त्यानं दोन्ही हात उचलून काचेला लावले, तळवे तिच्याकडे. "मी आपल्या मनानं कधी काही केलं नाही, मॅडम. मागच्या वेळीही नाही."

माईक चालू होता. खाली मर्ल बसून होती, आगबोटीखाली तिचा चेहरा घामानं आणि पावडरीनं माखलेला, आणि ती वर बघत होती. सोळा वर्षांपूर्वी खालून वर बघत होती तशीच. व्हर्नाला तिचा इतका राग आला की तिनं माईक दोन्ही हातांनी पकडला. ही बाई उठणार नव्हती. पोलिसांनी उचलून नेली तरी मनातून उठणार नव्हती.

"श्रोतेहो," व्हर्ना म्हणाली, आणि तिचा रेडिओवरचा आवाज कुठल्या कुठे गेला, घरातला आला. "अठ्ठ्याण्णव साली हा ताफा या स्टेजवरून गेला. तुम्ही तो ऐकला नाहीत, कारण त्या वेळी जाहिराती लागल्या होत्या. त्या मी लावल्या. दीनानाथ रामकिसूननं नाही. मी बोट फिरवलं, त्यानं नको म्हटलं, मी परत फिरवलं. माझे वडील इस्पितळात रेडिओ लावून पडले होते. मला ते माहीत होतं. म्हणूनच लावल्या."

काचेपलीकडे किसूनचे हात तसेच होते.

"त्या चार मिनिटांत काय गेलं ते सांगते. अडतीस माणसं होती. पुढे माझी बहीण, डोक्यावर निळं घड्याळ, काटे पाच वाजून वीस मिनिटांवर. पहिल्या रांगेत सहा, सगळे तलवारमासे. डावीकडून तिसऱ्याचा मासा फुटलेला, आतली तार दिसत होती, आणि तो एका हातानं तोंड दाबून धरून नाचत होता. दुसऱ्या रांगेत कोंबडे, लाल तुऱ्यांचे, सात. त्यातल्या एकाचा बूट सुटला, त्यानं तो उचलून खिशात घातला आणि पाऊल चुकलं नाही. तिसऱ्या रांगेत..."

ती सांगत गेली. अठ्ठ्याण्णवच्या त्या मंगळवारी ती स्टेजकडच्या काचेला नाक लावून उभी राहिली होती. चार जाहिराती होईपर्यंत तिनं डोळा हलवला नव्हता. कुणाच्या टाचेला चिखल होता, कोण झुलताना मध्येच क्रूस करत होता, सगळं तिच्यात जसंच्या तसं पडून होतं. तिसऱ्या रांगेला मर्ल उठली. चौथ्या रांगेला तिनं नाक तोंडावर ओढलं आणि चालू लागली, बापाच्या चालीनं, मागे तिघे. पोलीस आणि मुकादम बाजूला झाले.

"शेवटची रांग अपुरी होती, तिघांची. सगळ्यात शेवटी लान्सी मोची, देव त्याला शांती देवो. बाकीच्यांच्या दहा पावलं मागे, लंगड्या पायानं धावत, आणि तरी झुलत. मग ताफा उतरला. उत्तम ताफा होता. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं."

मर्ल स्टेजच्या टोकाला पोचली होती. तिनं कानातली वायर उपटली आणि वळून न बघता उतरली. मागचे तीन हजार लाटेसारखे वर आले. साहेबांनी स्टुडिओतून परस्पर प्रसारण तोडलं, आणि फोनवर व्हर्नाला घरी जायला सांगितलं.

तिनं पर्स उचलली. किसून चष्मा पुसत होता.

"किसून," ती म्हणाली.

"सोळा वर्षं मी बेलमाँटमधून गाडी नेली नाही," तो म्हणाला. "आजही कुरेपला लांबूनच जाणार. उशीर केलात तुम्ही." आणि त्यानं कानावर हेडफोन चढवले.

लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी मर्ल उभी होती. मुखवटा हातात, आगबोट डोक्यावरच. सोळा वर्षांनी पहिल्यांदा ती बहिणीशी थेट बोलली.

"खोटारडी. अजून खोटारडीच."

"आता काय झालं?"

"लान्सी आलाच नव्हता. सदतीस होतो आम्ही. स्टेजला यायच्या आधी मी ईस्टर्न मेन रोडला मोजले."

"अडतीस होते. तुम्ही पायऱ्या चढलात, त्यानंतर तो धावत आला."

"दारू पिऊन पडला होता तो त्या दिवशी. डॅडी मरायला टेकलेले आणि हा पिऊन पडलेला."

"मर्ल, माझ्यासमोरून गेला तो. डोक्यावर छोटा कोंबडा होता, एक डोळा रंगवायचा राहिलेला. पावडर नव्हती त्याच्याकडे. खिशातून पीठ काढून उधळत होता. तुला दिसलं नाही कसं?"

"कप्तान मागे बघत नाही," मर्ल म्हणाली. ती घरातली सगळ्यात जुनी शिस्त होती. स्टेजवर कप्तानानं मागे बघितलं की ताफा मोडतो.

तिनं हातातला मुखवटा उलटा केला. गर्दी दोघींना धक्के मारत जात होती. मर्ल म्हणाली, "पिठाचं तो सांगायचा मला. माझ्या दारात उभा राहून शपथा घ्यायचा, मर्ल, मी आलो होतो, पीठ उधळलं मी. मी म्हणायचे, रेडिओवर कुणी ऐकलं तुला? नऊ वर्षं. मी त्याला चपला शिवायला दिल्या नाहीत, ताफ्यात घेतला नाही. त्याच्या मातीलाही गेले नाही."

 किसून होता, बाप होता, त्यांचा हिशेब व्हर्नाला ठाऊक होता. त्या जाहिरातींनी या माणसाचंही काही गेलं, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"चल," मर्ल म्हणाली.

"कुठे?"

"दफनभूमीत. लान्सीकडे. तू सांग त्याला, तू बघितलंस म्हणून. माझ्यावर का विश्वास ठेवावा त्यानं?"

"आत्ता? या गर्दीतून?"

"सोळा वर्षं गप्प बसलीस. आता तोंड उघडलंयस तर सगळ्यांपुढे उघड."

मर्ल चालायला लागली. आगबोट डाव्या अंगाला कललेलीच होती. व्हर्ना रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं त्याच दिशेला निघाली. मध्ये सगळा कार्निव्हल चालला होता, आणि तो ओलांडून बहिणीच्या बाजूला जायची तिची हिंमत झाली नाही.